फुकटचं कोडिंग: साठ वर्षांची एक गोष्ट आणि आपल्या शाळेतलं कुलूप

दिवाळीच्या सुट्टीत केडगावचा भाचा घरी आला होता. चहा झाला, इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग मोबाईल पुढे करून म्हणाला, "मामा, हे बघा जरा. चौथीतल्या पोरीला कोडिंगचा क्लास लावावा म्हणतोय. वर्षाचे तीस हजार मागतायत, हप्त्याने घेतो म्हणाले. आत्ता नाही शिकली तर मागं पडेल असं सांगतात. तुम्ही कॉम्प्युटरमधले, तुम्ही सांगाल तसं करतो."

मी दूरसंचार खात्यात बत्तीस वर्षं काढली. एक्स्चेंजमधल्या यंत्रांशी झटापट केली, थोडाफार प्रोग्राम लिहिला. पण लहान मुलांना हे कसं शिकवतात, याचा मी कधी विचार केला नव्हता. भाच्याला म्हटलं, आठ दिवस दे, बघून सांगतो. आठ दिवसांचे दोन महिने झाले. वाचत गेलो तसं लक्षात आलं की ही फक्त तीस हजारांची गोष्ट नाही. जगभरात हजारो माणसांनी पदरमोड करून, रात्री जागून, मुलांसाठी हे सगळं आधीच बनवून ठेवलंय आणि मोफत ठेवलंय. त्याची साधी बातमीसुद्धा आपल्यापर्यंत आलेली नाही. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, सवडीने वाचा.

सुरुवात १९६७ ला होते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केंब्रिज गावी सेमोर पेपर्ट, वॉली फॉयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन या मंडळींनी मुलांसाठी एक संगणकभाषा तयार केली, 'लोगो'. तेव्हा एक संगणक म्हणजे एक खोली, आणि किंमत लाखात. अशा काळात 'हे यंत्र मुलांच्या हातात द्या' म्हणणं म्हणजे वेडेपणाच होता. पेपर्ट मूळचे दक्षिण आफ्रिकेचे गणिती. मुलं कशी शिकतात याचा अभ्यास करणाऱ्या ज्यां पियाजे यांच्याबरोबर जिनिव्हात त्यांनी काही वर्षं काम केलं होतं. त्यांचं म्हणणं साधं होतं. संगणकाने मुलाला शिकवायचं नाही, मुलाने संगणकाला शिकवायचं.

लोगोत एक कासव असतं. आधी ते जमिनीवर चालणारं खरं यंत्र होतं, नंतर पडद्यावर आलं. त्याला सांगायचं, शंभर पावलं पुढे जा, नव्वद अंश उजवीकडे वळ. हेच चार वेळा केलं की चौकोन होतो. आता त्रिकोण काढायला सांगा. मूल म्हणतं, त्रिकोणाचा कोन साठ अंशांचा, म्हणून साठ वळ. कासव भलतीकडेच जातं आणि त्रिकोण काही होत नाही. मग मूल उठतं, स्वतः कासव होऊन अंगणात चालून बघतं, तेव्हा कळतं की वळायचं आहे एकशेवीस, कारण आपण कोपऱ्याच्या बाहेरच्या बाजूने वळतो. बाह्यकोन काय असतो ते पुस्तकातून कळायला आम्हाला नववी उजाडली होती. इथे चूक झाली म्हणून कळलं. पेपर्ट यांचा सगळा भर याच्यावर होता. चूक ही लाल शाईने खोडायची गोष्ट नाही, शोधून दुरुस्त करायची गोष्ट आहे.

भारतात शाळेत संगणक आले ते १९८४ ला. केंद्राच्या एका योजनेत सुमारे अडीचशे शाळांत ब्रिटनहून आणलेले 'बीबीसी मायक्रो' संगणक बसवले गेले. देशात शाळा लाखांनी, योजना अडीचशेची. खेड्यातल्या मुलापर्यंत ते पोचणं शक्यच नव्हतं. पुढे वीसेक वर्षांनी इंग्रजी माध्यमाच्या शाळांतून संगणकाची पुस्तकं आली आणि त्यांत लोगो आलं. तुमच्यापैकी जे आज पंचवीस-तीस वर्षांचे आहेत त्यांना आठवत असेल, 'एफडी १००, आरटी ९०'. त्या पुस्तकांत बहुतेक ठिकाणी 'एमएसडब्ल्यू लोगो' नावाचा प्रोग्राम असायचा. तो कुणी बनवला होता? जॉर्ज मिल्स नावाच्या एका माणसाने, आणि मोफत दिला होता. त्याच्या पोटात जो मूळ लोगो होता तो बर्कलीच्या विद्यापीठातले ब्रायन हार्वे यांनी विद्यार्थ्यांच्या मदतीने बनवलेला, तोही मोफत. म्हणजे आपल्या मुलांनी पुस्तकाला पैसे मोजले, संगणकाची वेगळी फी भरली, आणि शिकले ते दोन परक्या माणसांनी फुकट दिलेल्या साधनावर. कुणी त्यांना हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मुलांनी ते घरी नेलं असतं, दुसऱ्याला दिलं असतं. त्याला कुणाची परवानगी लागत नव्हती.

आता महाराष्ट्रातली गोष्ट. २००७ चा ऑक्टोबर-नोव्हेंबर. कर्जतजवळचं खैराट. कर्जत म्हटलं की आपल्याला आपलं कर्जत आठवतं, हे रायगडचं. तिथे एकशिक्षकी शाळा, पहिली ते चौथीची बावीस मुलं. या बावीस मुलांच्या हातात हिरव्या-पांढऱ्या रंगाचे छोटे लॅपटॉप आले, प्रत्येकाला एक. निकोलस निग्रोपॉन्टे यांनी 'शंभर डॉलरचा लॅपटॉप' म्हणून जगभर गाजवलेला हाच तो. प्रत्यक्षात तो शंभर डॉलरला कधी पडला नाही, २००७ मध्ये किंमत १८८ डॉलरवर गेली होती. आपल्या केंद्र सरकारने आदल्याच वर्षी, २००६ मध्ये, ही योजना शिक्षणाच्या दृष्टीने शंकास्पद आहे म्हणून नाकारली होती. तरी भारतातला पहिला प्रयोग झाला तो या खैराटच्या एका खोलीच्या शाळेत.

त्या लॅपटॉपमध्ये 'शुगर' नावाची प्रणाली होती, सगळी मुक्त. मुक्त म्हणजे नुसती फुकट नाही. आत काय लिहिलंय ते कुणीही उघडून बघावं, बदलावं, बदललेलं वाटावं, अशी मोकळीक. त्यात लोगोचंच कासव होतं, 'टर्टल आर्ट' नावाने, पण आता इंग्रजी शब्द टाइप करायची गरज नव्हती. ठोकळे एकमेकांना जोडायचे. पुढे २००८ पासून 'शुगर लॅब्ज' या स्वयंसेवी गटाने हे काम चालू ठेवलं. त्याची वेगवेगळ्या भाषांतली भाषांतरं स्वयंसेवकांनी केली, कुणी नोकरी सांभाळून, कुणी कॉलेज सांभाळून.

खैराटचं पुढं मोठं काही झालं नाही. राज्यभर लॅपटॉप आले नाहीत. पण खैराटने एक दाखवून दिलं. एकशिक्षकी शाळेतली, इंग्रजी न येणारी मुलं हे करू शकतात. 'आपल्या पोरांना जमणार नाही' हे म्हणणं तिथेच खोटं पडलं होतं. आपण ते लक्षात ठेवलं नाही, एवढंच.

त्याच २००७ मध्ये, मे महिन्यात, अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेतून 'स्क्रॅच' बाहेर पडलं. पेपर्ट यांच्याच तालमीतले मिचेल रेझनिक आणि त्यांची मंडळी. रंगीत ठोकळे एकाला एक अडकवायचे, मांजर चालतं, बोलतं, गोष्ट होते, खेळ होतो. संपूर्ण मोफत. आणि मुलांनी केलेली प्रत्येक गोष्ट दुसरं मूल उघडून बघू शकतं, त्यावर आपली भर घालू शकतं. अट एकच: मूळ कुणाचं ते सांगायचं आणि तुमचंही इतरांना तसंच मोकळं ठेवायचं.

ही अट वाचली तेव्हा मला अकोल्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे आठवल्या. २०२० च्या पद्मश्रीच्या मानकरी, आपल्या बीजमाता. त्या गावठी बियाणं शेतकऱ्याला देतात, आणि पीक आलं की घेतलं त्याच्या दुप्पट बियाणं परत द्यायचं, असा त्यांचा रिवाज. बियाणं कुलपात ठेवलं तर मरतं, वाटलं तर वाढतं. जगातले मोठमोठे वकील बसवून मुक्त परवान्याच्या ज्या अटी लिहिल्या, त्यांचा अर्थ राहीबाईंच्या अंगणात एका वाक्यात कळतो.

स्क्रॅचवर नोंदवलेल्या खात्यांची संख्या २०२३ पर्यंत दहा कोटींच्या पुढे गेली. २०१४ मध्ये पाच ते सात वर्षांच्या, अजून नीट वाचता न येणाऱ्या मुलांसाठी 'स्क्रॅच ज्युनिअर' आलं, तेही मोफत. आणि खेड्यासाठी महत्त्वाचं म्हणजे स्क्रॅच एकदा उतरवून घेतलं की इंटरनेट लागत नाही. पेन ड्राइव्हवर नेऊन पाच संगणकांत टाका, काम झालं.

साधन झालं, पण शिकवणार कोण? त्याचंही उत्तर स्वयंसेवकांनीच दिलं. २०११ मध्ये आयर्लंडच्या कॉर्क शहरात जेम्स व्हेल्टन या तरुणाने बिल लियाओ यांच्याबरोबर 'कोडर डोजो' सुरू केलं. शनिवारी मुलांनी जमायचं, जाणत्यांनी फुकट शिकवायचं. २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये क्लेअर सटक्लिफ आणि लिंडा सँडविक या दोघींनी 'कोड क्लब' काढला. शाळा सुटल्यावर तासभर, नऊ ते अकरा वर्षांची मुलं, शिकवायला गावातलाच कुणी स्वयंसेवक. त्यांनी धडे असे लिहिले की शिकवणारा स्वतः नवशिका असला तरी मुलांबरोबर एक एक पायरी चढत जाईल. हे धडे पुढे रास्पबेरी पाय फाउंडेशनकडे आले, आजही मोफत आहेत, आणि स्वयंसेवकांनी त्यांतल्या काहींची भाषांतरं मराठीतही केली आहेत.

इथे एक अडचण प्रामाणिकपणे सांगतो. भाषांतर कुणीतरी रात्री जागून केलेलं असतं, त्यात चुका असतात. शब्द जड असतात, कधी हिंदी घुसतं. पण ज्ञान आपल्या भाषेत आणणं आणि मग ते सुधारत नेणं, हे या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. नेवाशात १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली. पुढं तिच्या हाताने नकला होत गेल्या, नकलेगणिक चुका शिरत गेल्या, आणि जवळजवळ तीनशे वर्षांनी, १५८४ मध्ये, पैठणच्या एकनाथांनी प्रती ताडून शुद्ध पाठ तयार केला. चुका आहेत म्हणून कुणी ग्रंथ टाकून दिला नाही. धड्यांचंही तसंच. चूक दिसली की दुरुस्त करून परत पाठवायची सोय आहे. आपल्या जिल्ह्यात मराठीचे इतके शिक्षक आहेत, हे काम त्यांच्याइतकं चांगलं कोण करेल?

आता सगळ्यात महत्त्वाचं. मला स्वतःला जिथे धक्का बसला ते. कोडिंग शिकवायला संगणक लागतोच असं नाही.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूझीलंडमधले प्राध्यापक टिम बेल यांनी इयन विटन आणि माइक फेलोज यांच्याबरोबर संगणकाशिवाय संगणकशास्त्र शिकवायचे खेळ तयार केले. 'सीएस अनप्लग्ड' असं त्याचं नाव. पत्ते, दोरी, खडू, एवढंच सामान. पुस्तक मोफत, भाषांतराला मोकळीक. भारतात हाच विचार घेऊन २०१६ मध्ये 'सीएस पाठशाला' सुरू झाली. एसीएम ही संगणकशास्त्राची जागतिक संस्था आहे, तिच्या भारतातल्या शाखेचा हा उपक्रम. कॉलेजातले प्राध्यापक आणि कंपन्यांतली माणसं यांनी मिळून पाठ तयार केले. बहुतेक पाठांना वीज लागत नाही, पैसे तर नाहीतच, आणि ते मराठीतही आहेत.

हे वाचून मी गप्प बसलो नाही. पाथर्डी तालुक्यात आमच्या मूळ गावी जिल्हा परिषदेची शाळा आहे. नाव लिहीत नाही, उगाच कुणाला त्रास नको. गुरुजींना भेटलो. गुरुजी चांगले, तळमळीचे. शाळेत लोकवर्गणीतून आलेले पाच संगणक आहेत. कुठे आहेत? कपाटात, कुलपात. म्हटलं, का? गुरुजी म्हणाले, "काका, डेडस्टॉक रजिस्टरला माझ्या नावावर आहेत. एक बिघडला तर तपासणीत उत्तर मी द्यायचं. वापरले नाहीत तर कुणी विचारत नाही, वापरून बिघडले तर सगळे विचारतात."

यात गुरुजींचा दोष नाही. ही गोष्ट एका शाळेची नाही, रीतीची आहे. आपण वस्तूची नोंद ठेवतो, वापराची ठेवत नाही. राज्यात माध्यमिक शाळांत संगणक कक्ष आले तेही असेच, खासगी ठेकेदारांशी पाच वर्षांचे करार. करार होता तोवर संगणक शिक्षक होता. करार संपला, शिक्षक घरी गेला, कक्षाला कुलूप लागलं. त्या शिक्षकांनी आझाद मैदानावर आंदोलनं केली, ती बातमी चार दिवस चालली आणि संपली.

असो. मी म्हटलं, कुलूप राहू द्या गुरुजी, मला शनिवारी एक तास आणि व्हरांडा द्या.

जुन्या लग्नपत्रिका घेतल्या. त्यांच्या कोऱ्या बाजूवर स्केचपेनने ठिपके काढले. पाच पत्ते: एक ठिपका, दोन, चार, आठ, सोळा. पाच मुलं ओळीत उभी केली. पत्ता समोर धरला तर मोजायचा, उलटा धरला तर नाही. म्हटलं, अकरा करून दाखवा. थोडा गोंधळ झाला, मग आठवाला, दोनवाला आणि एकवाला पुढे झाले. एकोणीस? सोळा, दोन, एक. मग विचारलं, सगळे पत्ते सरळ केले तर किती? एकतीस. "म्हणजे महिन्यातली कुठलीबी तारीख होती की!" पाचवीतला एक पोरगा ओरडला. हे मला सुचलं नव्हतं. खरंच, एक ते एकतीस, प्रत्येक तारीख या पाच पत्त्यांत बसते. मग प्रत्येकाने आपली जन्मतारीख केली. सरळ पत्ता म्हणजे एक, उलटा म्हणजे शून्य. संगणक याच दोन गोष्टींवर चालतो हे नंतर सांगितलं, तेव्हा ते त्यांना आधीच माहीत झालं होतं.

दुसऱ्या शनिवारी पत्त्यांची जादू. पाच ओळी, पाच रांगा, मुलांनी हवे तसे सरळ-उलटे पत्ते मांडायचे. मी 'जरा मोठा खेळ करू' म्हणून कडेला एक ओळ आणि एक रांग वाढवतो. मग पाठ फिरवतो, ते एक पत्ता उलटवतात, आणि मी नेमका तोच ओळखतो. युक्ती अशी की वाढवलेले पत्ते ठेवताना प्रत्येक ओळीत आणि रांगेत सरळ पत्त्यांची संख्या सम करून ठेवायची. एक उलटला की एका ओळीत आणि एका रांगेत ती विषम होते. दोन्ही जिथे छेदतात तो पत्ता. दूरसंचार खात्यात आम्ही तारेवरून जाणाऱ्या माहितीतली चूक याच तत्त्वाने पकडायचो. माझ्या नोकरीतलं काम दहा वर्षांच्या मुलांना पंधरा मिनिटांत कळलं, हे बघून बरंही वाटलं आणि थोडं हसूही आलं.

त्या वर्गात एक मुलगी होती, चौथीतली. आईबाप ऊसतोडीला जातात. पाथर्डी-शेवगावकडच्यांना वेगळं सांगायला नको. दिवाळी झाली की बैलगाडी नाहीतर ट्रॅक्टर, आणि गाव निम्मं रिकामं. जायच्या आधीच्या शनिवारी तिने विचारलं, "पत्ते नेऊ का?" म्हटलं, ने की, फुकटचेच आहेत. पाडव्यानंतर परत आली. दप्तरातून पत्ते काढले, मळलेले, कडा गेलेल्या. चारच होते. म्हणाली, "सोळाचा हरवला. त्यामुळं आता पंधरापतूरच येतंय." हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. कारखान्याच्या तळावर, कोप्यांमध्ये बसून तिने ते स्वतः काढलं होतं.

मी तिला सोळाचा नवा पत्ता करून दिला. पण खरं सांगतो, त्या रात्री झोप नीट लागली नाही. तीस हजारांचा क्लास तिच्यापर्यंत कधी पोचणार नाही. कुलपातला संगणकही पोचला नाही. पोचला तो लग्नपत्रिकेचा तुकडा, आणि त्यामागे न्यूझीलंडपासून पुण्यापर्यंतच्या, तिला कधी न भेटणाऱ्या माणसांचं काम.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हीसुद्धा जाहिरातच होईल. कोडिंगने मूल हुशार होतं, गणितात पहिलं येतं, असं काही सिद्ध झालेलं नाही. १९८४ मध्येच रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेजात लोगो शिकलेल्या मुलांचा अभ्यास केला. इतर कामांचं नियोजन करण्यात ही मुलं पुढे गेलेली दिसली नाहीत. पेरू देशात सरकारने ते हिरवे लॅपटॉप लाखांनी वाटले. २०१२ मध्ये आलेल्या अभ्यासात गणित आणि भाषेच्या गुणांवर काही परिणाम दिसला नाही. नुसतं यंत्र देऊन, नुसतं साधन मोफत ठेवून काही होत नाही. मधे शिकवणारं माणूस लागतं.

हे नगरला कळायला हवं, कारण आपलं शहर यासाठीच इतिहासात आहे. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार १८२७ मध्ये मुंबईत आल्या, १८३९ पासून नगरमध्ये मुलींच्या शाळा चालवल्या, आणि १८६२ मध्ये इथेच वारल्या. जोतीरावांनी नगरची ही शाळा पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं ते फरार बाईंकडेही. इमारत भिड्यांनी दिली, पुस्तकं मिळाली असती, पण शिकवणारी बाई आधी तयार करावी लागली. ती तयार करण्यात आपल्या गावाचा वाटा आहे. योगायोग बघा, लोगो बनवणाऱ्यांतही एक सिंथिया, आणि आपल्याकडेही एक सिंथिया.

केरळने हेच ओळखलं. २००१ मध्ये त्यांनी 'आयटी अॅट स्कूल' प्रकल्प सुरू केला, पुढे शाळांत मुक्त सॉफ्टवेअर आणलं, आणि बाहेरचा ठेकेदार न आणता शाळेतल्याच शिक्षकांना प्रशिक्षण दिलं. २०१८ पासून 'लिटल काइट्स' नावाने मुलांचे गट आहेत, तीच मुलं शाळेतले संगणक सांभाळतात. तिथे बिघाडाची भीती कमी, कारण दुरुस्त करणारी पोरंच शाळेत आहेत.

हे आज लिहायचं कारण म्हणजे केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितलंय की २०२६-२७ पासून तिसरीपासूनच कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संगणकीय विचार अभ्यासक्रमात आणणार. म्हणजे आता आणखी क्लास निघणार, आणखी फोन येणार, भीती आणखी महाग विकली जाणार. आणि सरकारी खरेदीत आणखी संगणक येऊन आणखी कपाटं भरणार. त्याआधी आपण काही साध्या गोष्टी करू शकतो.

एक, शाळा व्यवस्थापन समितीत ठराव करा की संगणक मुलांच्या वापरासाठी आहेत, वापरताना बिघाड झाला तर त्याचा भार एकट्या गुरुजींवर नाही. ग्रामसभेत तो वाचून दाखवा. गुरुजींना एवढा आधार मिळाला तरी निम्मी कुलुपं निघतील. दोन, ज्या गावातली पोरं पुण्यात, चाकणला, हिंजवडीला नोकरीला आहेत, त्यांनी महिन्यातून एक शनिवार द्यावा. हिवरे बाजार आणि राळेगण ज्या जिल्ह्यात श्रमदानातून उभे राहिले, त्याला एक शनिवार जड नाही. तीन, संगणक नसेल तर थांबू नका. लग्नपत्रिका प्रत्येक घरात आहेत.

भाच्याला काय सांगितलं? म्हटलं, तीस हजार ठेव तुझ्याकडे. क्लास वाईटच असतो असं मी म्हणत नाही, कुणाला परवडत असेल, शिक्षक चांगला असेल तर लावावा. पण पोर मागं पडेल या भीतीपोटी लावू नको. जुना लॅपटॉप आहे त्यात स्क्रॅच टाक, रविवारी तासभर तिच्या शेजारी बस. तुला येत नाही ना? बरंच आहे. दोघं मिळून चुका.

तो बसतो आता. परवा फोनवर म्हणाला, "मामा, मांजर भिंतीतून आरपार जातंय, काय करू?" म्हटलं, मला नको विचारू, पोरीला विचार.

आमच्या शाळेतलं कपाट मात्र अजून बंद आहे. समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे, ठराव लिहून ठेवलाय. काय होतं ते इथेच कळवीन. तोवर तुमच्या गावच्या शाळेत जाऊन एकदा विचारून या, किल्ली कुणाकडे आहे.